आबांची नळी: रावपुऱ्यातल्या एका तुंबणाऱ्या कॅथेटरचं प्रकरण

अनंत चतुर्दशीच्या रात्री साडेदहाच्या सुमारास वहिनींचा फोन आला. मागे ढोल-ताशे इतके की पहिली दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत. तिसरं आलं. "आबांची नळी परत तुंबलीय गं. आणि ब्रदर मांडवीपाशी अडकलाय, रस्ता बंद आहे म्हणतो." ब्रदर म्हणजे घरी येऊन नळी बदलणारा पुरुष नर्स.

आमच्या दोन घरांत बडोद्याच्या रावपुऱ्यातली एक गल्ली. मी पोचले तेव्हा आबा कॉटच्या कडेला बसून दोन्ही हातांनी पट्टी घट्ट धरून होते. कपाळावर घाम, ओटीपोट नारळासारखं वर आलेलं. बॅगेत सकाळची लघवी होती, संध्याकाळपासून नवा थेंब नाही. नळीच्या कडेने गळून धोतर मात्र भिजलेलं.

मी डॉक्टर आहे, पण मायक्रोबायॉलॉजिस्ट. माझे रुग्ण प्लेटवर उगवतात. शेवटचा कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला तो इंटर्नशिपमध्ये, १९ वर्षांपूर्वी. पण कपाटात नवी नळी, जेली, ग्लोव्हज, सिरिंज, सगळं तयार होतं. नऊ वेळा हा प्रसंग आलेल्या घरात ते असणारच. नळीला मूत्राशयात धरून ठेवणाऱ्या फुग्यातलं १० मिली पाणी काढलं आणि नळी ओढली, तर ती अडली. जराशी फिरवली, आबा "आई गं" म्हणाले, आणि ती आली. येताना बोटांना बारीक खरखर जाणवली, ओल्या वाळूतून दोरी ओढावी तशी. टोकाला थोडं रक्त. सैल पडलेल्या फुग्याला पांढरट पापुद्रा चिकटलेला, तोही एकाच बाजूला. ते मी पाहिलं, आणि त्या गडबडीत सोडून दिलं. ही चूक पुढे महागात पडणार होती.

नवी नळी बसली. पहिल्या काही मिनिटांत ८०० मिली उतरलं. आबा भिंतीला टेकले, डोळे मिटले आणि म्हणाले, "गेले वाटतं गणपती."

काढलेली नळी एरवी लाल पिशवीत जाते आणि कचऱ्याबरोबर निघून जाते. आधीच्या नऊ गेल्याच होत्या. ही मी नमुन्याच्या डब्यात घालून घेऊन आले. हे प्रकरण लिहिण्याजोगं झालं ते एवढ्याचमुळे. (आबांची आणि घरच्यांची परवानगी आहे. ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी बदलल्या आहेत.)

त्याआधीचं

आबा ७८ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. दोन हार्ट अटॅक येऊन गेलेले, हृदयाचं पंपिंग २५ टक्के. मागच्या दिवाळीत लघवी अडली तेव्हा प्रोस्टेट बरंच वाढल्याचं कळलं. गोळ्या सुरू करून दोनदा नळी काढून पाहिली, दोन्ही वेळा परत अडली. भूलतज्ज्ञांनी प्रोस्टेटच्या ऑपरेशनला नकार दिला, आणि त्यांचं बरोबर होतं. मग उरली कायमची नळी: लॅटेक्सची, वरून सिलिकॉनचा मुलामा, १६ नंबर, महिन्याला एक.

पहिले सात महिने सुरळीत गेले. जूनमध्ये पहिल्यांदा तुंबली. तिथून पुढचा इतिहास कुठल्याही फाइलपेक्षा वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चांगला लिहिलेला होता. दुधाचे खाडे मांडायची जी जागा, तिथेच लाल पेनाने "न" आणि त्याभोवती गोल. दोन गोलांमधले दिवस मी मोजले: १९, १२, ९, ९, १०, ७, ६, ८, ५. विसर्जनाची दहावी.

फाइलमध्ये कल्चरचे, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचे, पाच रिपोर्ट होते. पहिल्यात ई. कोलाय. दुसऱ्यात "मिश्र वाढ, नमुना पुन्हा पाठवावा". तिसऱ्यापासून तिन्हींत प्रोटिअस मिराबिलिस, आणि दर वेळी तो आधीपेक्षा एखाद्या जास्त औषधाला न जुमानणारा. बहुतेक रिपोर्टमागोमाग अँटिबायोटिकचा एक कोर्स: सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम, नायट्रोफ्युरँटॉइन, मग अमिकासिनची इंजेक्शनं. अमिकासिननंतर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) १.३ वरून १.७ वर गेलेलं. सातव्या वेळी कुणीतरी चांदीचा मुलामा असलेली महाग नळी सुचवली. ती सहा दिवस चालली.

या पाचपैकी दोन रिपोर्ट माझ्याच सहीचे होते. शंभरातले दोन म्हणून सही करून पाठवलेले. समोरच्या गल्लीतल्या आबांचे आहेत हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. अर्जावर वय, लिंग, "युरिन सी/एस" (लघवीचं कल्चर आणि औषधांची चाचणी). नमुना बॅगेतून घेतलाय की नळीतून, नळी किती दिवसांची आहे, ताप आहे का, यातलं काही नाही. मीही विचारलं नव्हतं.

नळी चिरली तेव्हा

दुसऱ्या दिवशी सकाळी सेफ्टी कॅबिनेटमध्ये नळी ट्रेवर ठेवून उभी चिरली. ब्लेड मधल्या भागात सहज चाललं. टोकाकडून चारेक सेंटिमीटरवर ते करकरलं, अंड्याच्या टरफलावरून सुरी गेल्यासारखं. आत पिवळट पांढरा थर, बोअरच्या पाण्याच्या बादलीला बसतो तसा क्षार. सगळ्यात दाट कुठे, तर लघवी आत शिरायची जी दोन भोकं असतात, ज्यांना आम्ही नळीचे डोळे म्हणतो, त्यांच्या कडांना. एक डोळा पूर्ण बुजलेला, दुसऱ्यात टाचणी जाईल एवढी फट. बाकीची नळी, म्हणजे ९० टक्के लांबी, जवळजवळ स्वच्छ. आबांची लघवी इतके दिवस बाहेर येत होती ती टाचणीएवढ्या वाटेने.

डोळ्यांच्याच कडांना का, याचं उत्तर कारखान्यात आहे. डोळे पाडताना ते नळीत पंच करतात. नुसत्या नजरेला ती कड सुबक दिसते; इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती फाटलेल्या पुठ्ठ्यासारखी, खाचाखोचांची असते. प्रवाह जातो तिथेच खडबडीत जागा. जंतूला टेकायला यापेक्षा चांगला ओटा नाही.

थराचा कण काचपट्टीवर घेतला. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे स्ट्रुव्हाइटचे स्फटिक ठळक दिसत होते. पाठ्यपुस्तकं त्यांना शवपेटीचं झाकण म्हणतात. शवपेटी मी आयुष्यात पाहिलेली नाही. मला ते दर वेळी कौलारू घराचं छप्पर वाटतं. त्यांच्यामध्ये कॅल्शियम फॉस्फेटचा बारीक, आकार नसलेला चुरा. त्या रात्री बॅगेतून घेतलेल्या लघवीचा पीएच (आम्ल-अल्कपणाचा आकडा, ७ च्या वर अल्कधर्मी) पट्टीवर ८.५ आला होता. बॅगेत तास-दोन तास साठलेल्या लघवीवर विसंबायचं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी नव्या नळीतून ताजी घेतली. ८.

खरवडलेला थर ब्लड अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या माध्यमावर, लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडताच वास आला. जो एकदा शिकला तो विसरत नाही असा, मासळी आणि करपलेलं काहीतरी यांच्या मधला. आमच्या टेक्निशियनने प्लेट हातात दिली आणि गुजरातीत म्हणाला, "मॅडम, आखी प्लेट खाई गयुं." एका ठिपक्यापासून निघून लाटांवर लाटा, तळ्यात दगड टाकल्यासारखी वर्तुळं थेट काठापर्यंत. शेजारी लावलेल्या सीएलईडी माध्यमावर मात्र तोच जंतू सुट्या, शहाण्या ठिपक्यांत उभा. लघवीच्या कल्चरला आम्ही तेच माध्यम वापरतो, कारण त्यावर प्रोटिअसचं पसरणं थांबतं आणि मोजणी करता येते. त्याचा तोटा असा की या जंतूचा खरा स्वभाव रोजच्या कामात आमच्या नजरेआडच राहतो.

जंतू, पृष्ठभाग आणि चुना

प्रोटिअस हे नाव १८८५ साली गुस्ताव्ह हाउझर या जर्मन शास्त्रज्ञाने दिलं, रूप बदलणाऱ्या ग्रीक समुद्रदेवतेवरून. नाव सार्थ आहे. पातळ द्रवात हा एक-दोन मायक्रॉन लांबीचा, चार-दोन शेपट्यांचा साधा दंडाणू. घट्ट पृष्ठभागाला लागला की त्याचं रूप पालटतं: विभाजन थांबवून तो कित्येक पट लांब होतो, अंगभर हजारो शेपट्या फुटतात आणि एकमेकांना बिलगून त्यांचे तांडे सरकू लागतात. म्हणजे नळी त्याच्यासाठी अडथळा नाही, रस्ता आहे. मूळ मुक्काम रुग्णाच्याच आतड्यात. तिथून जननेंद्रियाच्या त्वचेवर आणि नळीच्या बाहेरच्या अंगाने वर मूत्राशयात.

वर पोचल्यावर त्याला स्वागताची तयारी झालेली मिळते. नळी मूत्राशयात गेली की पहिल्या काही मिनिटांतच लघवीतली आणि उतींमधली प्रथिनं तिच्यावर पातळ सारवण घालतात. जंतूंना लॅटेक्स किंवा सिलिकॉन क्वचितच भेटतं. त्यांना भेटतं ते हे सारवण. मग पहिले रहिवासी बसतात, बहुधा त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस, एन्टेरोकॉकस किंवा ई. कोलाय. कायमच्या नळीत हे टळत नाही. दर दिवसाला साधारण ३ ते ८ टक्के या वेगाने लघवीत जंतू येतात आणि महिनाभरात जवळपास प्रत्येकाच्या नळीत वस्ती झालेली असते. बॅग आणि नळी बंद जोडलेली ठेवावी, मधे उघडू नये, हे १९६६ साली क्युनिन आणि मॅकॉर्मॅक या संशोधकांनी दाखवून दिलं, त्याने हे लांबतं, थांबत नाही. प्रोटिअस बहुतेकदा उशिरा येणारा पाहुणा असतो. आबांकडे तो सात महिन्यांनी आला.

आणि आला तो युरीएज घेऊन. हे विकर युरिया फोडून अमोनिया करतं. बऱ्याच जंतूंकडे ते आहे, पण प्रोटिअस मिराबिलिसचं युरीएज त्यांच्या कित्येक पट वेगाने चालतं. अमोनियाने लघवी अल्कधर्मी होते, आणि आम्ल लघवीत निमूट विरघळून राहिलेले मॅग्नेशियम, कॅल्शियम, फॉस्फेट खाली बसू लागतात. यातला क्रम फार महत्त्वाचा आहे. कार्डिफ विद्यापीठात डेव्हिड स्टिकलर यांनी काचेच्या कृत्रिम मूत्राशयात नळ्या लावून हा क्रम पाहिला: लघवी एकदा अल्कधर्मी झाली की पृष्ठभागावर आधी बारीक स्फटिकांचा पाया पडतो, आणि जंतूंची वसाहत त्या पायावर उभी राहते.

चांदीची नळी सहा दिवसांत का हरली, ते इथे कळतं. चांदी जंतूला मारते ती स्पर्शाने आणि सुटणाऱ्या आयनांनी. पण तिच्यावर चुन्याचा गिलावा चढल्यावर वर बसलेल्या जंतूला खाली चांदी आहे की जस्त, काय फरक पडतो? थोड्या दिवसांच्या नळीतसुद्धा चांदीचं फारसं जमलेलं नाही. ब्रिटनमध्ये ७ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत साध्या नळीच्या तुलनेत चांदीने लक्षणं असलेला संसर्ग कमी झाला नाही. तरी दुकानदार ती काउंटरवर पुढे ठेवतो, आणि घरचे घेतात. आबांच्या मुलाने घेतली. मीही घेतली असती.

अँटिबायोटिकचं गणित तसंच. लघवीत उतरलेलं औषध तरंगणारे जंतू मारतं. दोन दिवस लघवी निवळते, सगळ्यांना बरं वाटतं. भिंतीवरच्या थरात, खनिजाच्या आड, जवळजवळ झोपेत असलेल्या जंतूंना त्याचं फारसं काही होत नाही. कोर्स संपतो, ते परत सुटतात, आणि दर फेरीला त्यांतले अधिक निगरगट्ट तेवढे उरतात. लक्षणं नसताना नळीच्या रुग्णाच्या लघवीतल्या जंतूंवर औषध देऊ नये, असं मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. आबांना दहापैकी एकाही वेळी ताप नव्हता. नायट्रोफ्युरँटॉइनचा कोर्स तर मुळातच वाया. प्रोटिअस या औषधाला जन्मतःच दाद देत नाही, शिवाय हे औषध आम्ल लघवीत चांगलं चालतं. हे माझ्या सहीच्या रिपोर्टमध्ये एका ओळीत लिहिता आलं असतं.

पहिला उपाय, आणि तो का फसला

दोन दिवसांनी मी वहिनींकडे गेले ती आत्मविश्वासाने. ताप, थंडी, भ्रम यांतलं काही असल्याशिवाय अँटिबायोटिक नाही. कल्चर पाठवायचंच झालं तर आधी नळी बदलून नव्या नळीतून. पुढची नळी पूर्ण सिलिकॉनची. बाहेरून तेवढीच जाड, पण मुलाम्याचे थर नसल्याने आतलं भोक मोठं, तुंबायला वेळ जास्त लागतो. आणि पाणी व लिंबू.

लिंबाचं जरा सांगावं लागेल, कारण घरात सगळ्यांना ते उलटं वाटलं. आबांच्या मुलाचा तर्क असा की लघवी अल्कधर्मी होतेय, तर आंबट देऊन ती आम्ल करायची. त्याने क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्याही होत्या. त्याने होत नाही. तुम्ही वरून जेवढं आम्ल घालाल त्यापेक्षा युरीएज वेगाने अमोनिया करतं. लिंबाचा उपयोग त्यातल्या सायट्रेटसाठी. सायट्रेट कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवतं, त्यामुळे खडे बसायला ज्या पीएचला सुरुवात होते तो पीएचच वर सरकतो. लघवी पातळ असली तरी तेच होतं. स्टिकलर आणि ब्रिस्टलचे त्यांचे सहकारी यांनी आधी निरोगी माणसांवर आणि मग नळीच्या रुग्णांवर हे तपासलं होतं. क्रॅनबेरीच्या रसाचं नाव फार झालं, पण त्यांच्या प्रयोगात फायदा दिसला तो जास्त द्रव पिण्याचा.

मी हे अर्धं समजावेपर्यंत वहिनी म्हणाल्या, "म्हणजे पाकात लिंबू पिळतो तसं? साखर बसू नये म्हणून?"

रसायनशास्त्र वेगळं आहे. पाकात लिंबू साखर फोडतं, इथे सायट्रेट धातू धरून ठेवतं. पण नेमकी तीच गोष्ट, आणि माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा सोपी. पातळ पाक आणि वर लिंबू.

अडचण आली ती पाण्याची. पंपिंग २५ टक्के म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी दिवसाला १२०० मिलीची मर्यादा घातलेली. मूत्राशयाला दोन लिटर हवं, हृदयाला सव्वा. शिवाय आबा स्पायरोनोलॅक्टोनवर, हे हृदयाचं औषध शरीरात पोटॅशियम राखून ठेवतं, त्यामुळे पोटॅशियम सायट्रेटचं औषध धोक्याचं. लघवीच्या जळजळीला सर्रास देतात त्या सिरपमध्ये सोडियम, तेही नको. (ते सिरप कपाटात होतंच, अर्धं संपलेलं.) फोनवर बोलून तोडगा निघाला: १५०० मिलीपर्यंत जायचं, रोज सकाळी वजन करायचं, दोन दिवसांत दीड किलो वाढलं तर परत खाली. दिवसभरात दोन लिंबं, त्याच पाण्यात, आणि एक पेला रात्री झोपताना, कारण रात्रीची लघवी सगळ्यात दाट.

आबांनी पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "मीठ नाही, साखर नाही. याला सरबत म्हणतात होय तुमच्याकडे?"

सहाव्या दिवशी नळी तुंबली. पुढची सातव्या दिवशी.

मला ओशाळं वाटलं. सगळं पुस्तकाप्रमाणे केलं होतं, आणि कॅलेंडरवरचे गोल पूर्वीसारखेच.

पापुद्र्याचा उरलेला अर्धा

मी युरॉलॉजिस्टकडे गेले ती चिरलेल्या नळीचे फोटो आणि कॅलेंडरचा फोटो घेऊन. त्यांनी नळीचे फोटो मोठे करून पाहिले, फुग्यापाशी थांबले आणि विचारलं, "हे कवच एकाच बाजूला आहे. दुसरी बाजू कुठाय?"

फुगा मूत्राशयात फुगलेला असताना त्याच्याभोवतीही तोच चुना बसतो, अंड्याच्या कवचासारखा. नळी काढायला फुगा सोडला की कवच तडकतं. काही नळीबरोबर येतं, बाकीचं मूत्राशयात पडतं. तिथून ते सहजी बाहेर पडत नाही, कारण फुगा मूत्राशयाच्या तळाशी बसतो आणि डोळे त्याच्या वर असतात. डोळ्यांच्या खालच्या पातळीवर लघवीचं एक डबकं कायम राहतं. १९३० च्या दशकात फ्रेडरिक फोली या अमेरिकन युरॉलॉजिस्टने आणलेली ही रचना आजही मूळ रूपात तशीच आहे. त्या डबक्यात कवचाचे तुकडे, तुकड्यांत प्रोटिअस. नवी कोरी नळी आली की पहिल्या तासापासून तिच्या शेजारी जुन्या नळीचं घर.

"पण सोनोग्राफी झालीय," मी म्हटलं. झाली होती, जुलैमध्ये. त्यांनी रिपोर्टमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं: मूत्राशय रिकामं, नळीचा फुगा जागेवर. नळीने सतत निचरा होणारं मूत्राशय म्हणजे चुरगाळलेली पिशवी. तिच्या घडीत लहान खडा दिसत नाही.

या वेळी नळीला दोन तास चिमटा लावून मूत्राशय भरू दिलं आणि मग सोनोग्राफी केली. ११ मिमी आणि ७ मिमीचे दोन खडे, आणि तळाशी पातळ, चमकणारे तुकडे.

युरॉलॉजीच्या क्षेत्रात हे नवं नाही. खड्यातला प्रोटिअस आणि नळीवरचा प्रोटिअस एकाच वंशाचे असतात, हे २००४ साली स्टिकलर यांच्याच गटाने जनुकीय ठसे जुळवून दाखवलं होतं. मी तो शोधनिबंध शिकत असताना वाचलेला आहे. वाचणं आणि रावपुऱ्यातल्या कॉटवर ते आठवणं यांत मात्र १९ वर्षं गेली.

प्रोस्टेटला हात लावायचा नाही, फक्त खडे काढायचे, असं ठरलं. हृदयाची सवय असलेले भूलतज्ज्ञ शेजारी उभे, सुन्न करणारी जेली, थोडीशी गुंगी, दुर्बीण. स्ट्रुव्हाइट मऊ असतो. मोठा खडा चिमट्यातच चुरला. धुऊन धुऊन तुकडे काढले, त्यातला एक माझ्याकडे आला. बाहेरून निर्जंतुक पाण्याने अनेकदा धुऊन, फोडून, आतला गाभा लावला. तिसऱ्या दिवशी तीच वर्तुळं, आणि औषधांची यादी नळीवरच्या जंतूशी ओळीने जुळणारी.

अँटिबायोटिक या वेळी दिलं, आणि त्याच्या मी पूर्ण बाजूने होते. नळीच्या आधीच्या कल्चरप्रमाणे निवडलेलं एकच औषध, आदल्या रात्रीपासून, एकूण पाच दिवस. खडे बाहेर, नळी बदललेली, लपायला भिंत उरलेली नाही, तेव्हा तरंगणाऱ्यांना गाठायचं. आधीचे कोर्स चुकीच्या औषधाचे होते असं सरसकट म्हणता येणार नाही. चुकीच्या वेळचे मात्र नक्की होते.

त्यानंतर

खडे निघाल्यावरची पहिली सिलिकॉनची नळी २१ व्या दिवशी न तुंबता बदलली. चिरून पाहिली, डोळ्याच्या कडेला खडूच्या रेघेएवढा थर. दुसरी २४ दिवस. दिवाळीत आबा वरच्या मजल्यावर जाऊन बसले, जे त्यांनी जूनपासून केलं नव्हतं. क्रिएटिनिन १.४ ला आलं. पाय एकदाच सुजले, लिंबाच्या नव्हे तर चकलीच्या मिठाने.

तिसऱ्या नळीच्या वेळी वहिनींनी पट्टी पाठवली. मी त्यांना पीएचच्या पट्ट्या दिल्यात. आठवड्यातून एकदा, जोडणी न उघडता, बॅग रिकामी करून नंतर येणाऱ्या पहिल्या लघवीवर. दोन महिने ६ ते ६.५ असणारी पट्टी ७.५ झाली, मग ८. प्रोटिअस परत आला होता. कुठून, तर जिथून आधी आला तिथूनच. आतड्यातून त्याला कुणी हद्दपार केलेलं नाही, करताही येत नाही. ती नळी २६ व्या दिवशी तुंबली, दुपारी, ब्रदर मोकळा असताना. एवढाही फरक मोठा वाटतो.

आता वेळापत्रक नळीच्या खोक्यावर छापलेल्या दिवसांवर चालत नाही, आबांच्या नळीच्या दिवसांवर चालतं. तीन नळ्यांचे दिवस पाहिले, त्यांतल्या सर्वांत कमी दिवसांच्याही आधी बदलायची. सध्या १८ ते २०. फुग्यावरचं कवच एका बाजूने गायब दिसलं तर चिमटा लावून सोनोग्राफी. लघवीच्या कल्चरचा अर्ज चार महिन्यांत एकदाही भरलेला नाही.

आमच्या लॅबमध्ये मी अर्जावर दोन चौकोन वाढवून घेतले: "नळी आहे का, किती दिवसांची" आणि "नमुना कुठून". प्रोटिअस आला आणि पहिला चौकोन भरलेला असेल तर रिपोर्टखाली तीन ओळी जातात: नायट्रोफ्युरँटॉइन चालत नाही, ताप नसेल तर औषधाआधी विचार करा, नळी वारंवार तुंबत असेल तर खडा शोधा. चौकोन अजून दहातले चार रिकामेच येतात. पूर्वी मी ते तसेच जाऊ देत असे, आता टेक्निशियन फोन करतो आणि बऱ्याचदा शिव्या खातो.

गेल्या शनिवारी वहिनींचा मेसेज आला. आता ग्लोव्हज घालून, जुन्या ट्रेवर, त्या स्वतः नळी चिरतात आणि मग ब्रदरच्या लाल पिशवीत टाकतात. फोटोत डोळ्याच्या एका कडेला तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा चुना, फुग्याचं कवच दोन्ही बाजूंना पातळ पण सबंध. खाली लिहिलं होतं: "१९ वा दिवस. पाक बसायला लागलाय. पुढची १७ ला काढू का?"

मी हो कळवलं, आणि विचारलं की रात्रीचा पेला चालू आहे ना. उत्तर आलं, "मीठ मागतात. देत नाही."